नव्वद की एकशे चाळीस? पेण-रोह्याच्या जुन्या गाड्या आणि जाड गिअर ऑइल

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये कंपनीने सांगितल्यापेक्षा जाड तेल भरण्याची पद्धत बरीच जुनी आहे. गिअर खरखरू लागले, चढावर मागचे हाउसिंग घोंगावू लागले किंवा सीलमधून तेल ठिबकू लागले की नव्वद नंबरचे तेल काढून एकशे चाळीस नंबरचे भरावे, असा सल्ला मिळतो. रायगडातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत हा प्रश्न रोजचा आहे. टाटा ४०७, मिनिडोर, कमांडर आणि मार्शल जीप, ट्रॅक्स, सुमो, ओम्नी अशा अनेक गाड्या इथे वयाची मर्यादा गाठेपर्यंत मालकांचे पोट भरतात. वीटभट्टीची वीट, धाटाव औद्योगिक वसाहतीचा माल, हमरापूर-जोहे भागातून निघणाऱ्या गणेशमूर्ती आणि गावोगावचे प्रवासी यांचा भार अशा गाड्यांवर असतो. अशा गाडीच्या डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन गेले तर मालकाची महिन्याची मिळकत त्यात जाते. म्हणून जाड तेल नेमके काय करते, कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुकसान करते, हे नीट पाहणे गरजेचे आहे.

नंबर म्हणजे काय

नव्वद, एकशे चाळीस हे आकडे एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेने ठरवलेल्या श्रेणी आहेत. ते तेलाचा दाटपणा दाखवतात. तेलाची प्रत किंवा ताकद दाखवत नाहीत. दाटपणा १०० अंश सेल्सिअसला मोजतात आणि त्याचे एकक सेंटिस्टोक आहे. सध्याच्या मानकानुसार नव्वद श्रेणीचे तेल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते आणि एकशे चाळीसचे २४ ते ३२.५ च्या दरम्यान. पूर्वी नव्वदची हद्द थेट २४ पर्यंत आणि एकशे चाळीसची ४१ पर्यंत होती. ही पट्टी फारच रुंद असल्याने २००५ मध्ये मधे ११० आणि १९० या श्रेणी घातल्या गेल्या. त्यामुळे जुन्या पुस्तिकेतले नव्वद आणि आजच्या डब्यातले नव्वद यांत थोडा फरक असू शकतो.

८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असे जोडनंबर असतील तर पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा असतो. ८०डब्ल्यूची कसोटी उणे २६ अंशांना आणि ८५डब्ल्यूची उणे १२ अंशांना होते. रायगडच्या किनारपट्टीवर पारा कधी शून्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे इथल्या गाडीसाठी महत्त्वाचा आकडा दुसरा.

गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची आकड्यांची पट्टी वेगळी आहे. नव्वद नंबरचे गिअर ऑइल दाटपणाने इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाच्या जवळपास येते. आकडा दुप्पट मोठा दिसतो म्हणून तेल दुप्पट जाड असते असे नाही.

दाटपणाखेरीज डब्यावर दुसरी एक खूण असते, ती म्हणजे जीएल क्रमांक. तेलात दाब सोसणारी रसायने किती आहेत हे त्यावरून कळते. जीएल-४ बहुतेक हातगिअरांच्या गिअरबॉक्ससाठी असते. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे जास्त असतात आणि ते हायपॉइड डिफरन्शियलसाठी असते. दुकानात नुसते ‘नव्वद द्या’ किंवा ‘एकशे चाळीस द्या’ असे मागितले की हा क्रमांक सुटतो, आणि पुढचे कित्येक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

दातांमधला पडदा

दोन दात एकमेकांवर घासत आणि लोळत फिरतात तेव्हा त्यांच्या वेगानेच तेल फटीत खेचले जाते आणि धातूंच्या मधे पडदा तयार होतो. हा पडदा फार पातळ असतो, साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी. एक मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याची जाडी तेलाच्या दाटपणावर आणि दातांच्या वेगावर अवलंबून असते. वजनाचा परिणाम त्या मानाने कमी होतो. दाटपणा वाढला की पडदाही वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही. दाटपणाचा सुमारे ०.७ वा घात घ्यावा लागतो. १७ सेंटिस्टोकचे नव्वद काढून २८ सेंटिस्टोकचे एकशे चाळीस घातले तर दाटपणा सुमारे ६५ टक्के वाढतो, पडदा मात्र ४० टक्क्यांच्या आसपास.

तापमान तेच राहिले तरच हा हिशेब खरा ठरतो. जाड तेल घुसळायला जास्त शक्ती लागते आणि त्या शक्तीची उष्णता होते. हाउसिंग दहा अंशांनी जास्त तापले तर १०० अंशांना २८ असलेले तेल ११० अंशांना २१ च्या आसपास येते. म्हणजे मिळालेल्या फायद्यातला निम्म्याहून अधिक भाग उष्णतेतच जातो. उरलेला फायदा खरा असतो, पण मिस्त्री किंवा मालक समजतो तेवढा मोठा नसतो.

झीज भरून निघते का

जाड तेलाविषयी सर्वांत पसरलेला समज म्हणजे, झिजलेल्या भागांमधली मोकळीक ते भरून काढते. आकड्यांसमोर हा समज टिकत नाही. नव्या डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन यांच्यात साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरचा खेळ ठेवलेला असतो. गाडी झिजली की तो आणखी काही दशांश मिलिमीटरने वाढतो. तेलाचा पडदा मायक्रॉनमध्ये आणि मोकळीक शेकडो मायक्रॉनमध्ये असताना पडदा ४० टक्क्यांनी वाढून ती मोकळीक भरून निघण्याची शक्यता नाही. बेअरिंग सैल होऊन पिनियन जागेवरून हलले असेल तर दात चुकीच्या जागी टेकतात. तेलाने ते परत जागेवर येत नाहीत.

आवाज मात्र खरोखर कमी होतो. मोकळ्या जागेत दात आदळतात तेव्हा दाट तेल धक्का काही अंशी शोषते. त्यामुळे गाडी सुधारली असे वाटते. जुन्या गाड्यांच्या खरेदीविक्रीत या गोष्टीचा गैरवापर होत आला आहे. खरखरणाऱ्या पेटीत ग्रीस किंवा लाकडाचा भुसा मिसळून सौदा होईपर्यंत आवाज दाबायचा, ही युक्ती जगभर माहीत आहे. आवाज दाबल्याने नुकसान थांबत नाही, फक्त त्याची सूचना बंद होते. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच तेलाचा प्लग उघडून बोटाने तेल पाहावे. ग्रीससारखा गोळा किंवा तंतू हाताला लागले तर गाडीच्या आवाजावर विश्वास ठेवू नये.

कोणत्या भागात काय होते

डिफरन्शियल हा जाड तेल सर्वाधिक सोसणारा भाग आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत हायपॉइड पद्धतीचे क्राउन-पिनियन असते. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसते, त्यामुळे दात लोळतात आणि लांबीच्या दिशेने घसरतातही. ही पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेत पॅकार्डने मोटारीत आणली आणि तिच्यामुळेच दाब सोसणाऱ्या रसायनांची गरज निर्माण झाली. इथे सिंक्रोनायझर नसतात, गिअर बदलायचे नसतात, आणि भार जबरदस्त असतो. जड ट्रक आणि डंपर यांच्या मागच्या अॅक्सलला काही उत्पादक स्वतःच ८५डब्ल्यू-१४० सांगतात. अनेक जुन्या पुस्तिकांत तापमानाचा तक्ता असतो आणि उष्ण प्रदेशासाठी एकशे चाळीसची मुभा असते. नागोठण्याहून भिसे खिंड चढून रोह्याला जाणारा किंवा महामार्गावर सुकेळी खिंड ओलांडणारा, भरलेला, वैशाखात चालणारा ४०७ टेम्पो अशा तक्त्याच्या वरच्या टोकाला येतो. त्याच्या मागच्या हाउसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचे एकशे चाळीस घालणे, पुस्तिकेत मुभा असेल तर, समंजस निर्णय आहे.

सिंक्रोमेश गिअरबॉक्सचे गणित उलट आहे. गिअर टाकताना सिंक्रो रिंग समोरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोन्हींचा वेग सारखा करते. त्यासाठी मधले तेल क्षणात बाजूला सरकले पाहिजे. तेल जाड असेल तर ते उशिरा सरकते. मग दुसरा गिअर जड पडतो, घाईत टाकला की कर्र आवाज येतो आणि रिंगचे दात बोथट होत जातात. सकाळी पहिल्या फेरीला हा त्रास जास्त जाणवतो. रिंग बहुधा पितळेची असते. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायने, विशेषतः जुन्या प्रकारची, तापलेल्या अवस्थेत पितळ खाऊ शकतात. एकशे चाळीस नंबरचे जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्ये घातले की जाडी आणि रसायन अशी दोन्हीकडून हानी होते. गाडीच्या सगळ्या पेट्यांना एकाच कॅनमधले तेल घालण्याच्या सवयीचा फटका प्रथम सिंक्रो रिंगला बसतो.

गिअर सटकणे ही वेगळी तक्रार आहे. चढावर ॲक्सिलरेटर सोडताच तिसरा गिअर उडून न्यूट्रलला येतो, त्यामागे झिजलेले डॉग दात, सैल पडलेली लॉकस्प्रिंग, वाकलेला फोर्क किंवा तुटलेले माउंटिंग असते. यांपैकी एकही गोष्ट तेलाच्या नंबरने बदलत नाही.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह एकाच पेटीत असतात आणि दोघांनाही एकच तेल मिळते. तिथले फायनल ड्राइव्हचे दात हायपॉइड नसून तिरके असतात, त्यामुळे जाड जीएल-५ ची गरजच नसते. या पेटीत एकशे चाळीस घालायला कोणतेही कारण सापडत नाही.

फोर-व्हील जीपमध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन अॅक्सल अशा चार ठिकाणी तेल असते. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधले सील झिजले की एकीकडचे तेल दुसरीकडे जाते. एका पेटीत पातळी चढते, दुसरी कोरडी पडते, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. अशा गाडीचा आवाज जाड तेलाने नव्हे, दोन्ही प्लग उघडून पातळी पाहिल्याने समजतो.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षा यांचा विचार स्वतंत्र करावा लागतो. त्यांचा क्लच गिअरबॉक्सच्या तेलातच बुडालेला असतो आणि त्यासाठी इंजिन ऑइलच्या जातीचे ३० नंबरचे तेल सांगितलेले असते. तिथे जाड गिअर ऑइल घातले तर क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून ओढत राहतात आणि दाबाची रसायने असतील तर भाराखाली घसरतातही.

जाड तेल न पोचणे

पंप नसलेल्या पेटीत गिअर स्वतःच तेल उडवतात. ते भिंतींवर आपटते, तिथून ओघळते आणि खाचांतून बेअरिंगपर्यंत जाते. तेल फार दाट असेल तर गिअर त्यात चर पाडून फिरतो आणि चर वेळेवर भरत नाही. सर्वांत उंचावरचे आणि सर्वांत अरुंद जागेतले भाग, म्हणजे मेनशाफ्टच्या टोकाची सुई-बेअरिंग आणि पिनियनचे पुढचे बेअरिंग, अशा वेळी उपाशी राहतात. कोकणातल्या हवेत हा धोका हिमाचल-काश्मीरइतका मोठा नाही, पण ग्रीस किंवा दाटपणा वाढवणारे चिकट मिश्रण घातलेल्या पेटीत तो वैशाखातही कायम राहतो.

दोन नंबर एकत्र करून मधला दाटपणा मिळवता येतो. १७ आणि २८ सेंटिस्टोकची तेले सारख्या प्रमाणात मिसळली तर साधारण २१ ते २२ सेंटिस्टोकचे मिश्रण होते, म्हणजे ११० श्रेणीचे. मात्र दोन्हींचा जीएल दर्जा सारखा असावा आणि बनावटही शक्यतो एकच असावी.

पाणी हा या पट्ट्यातला मोठा शत्रू

पेण-रोह्याच्या रस्त्यांवर जुन्या ड्राइव्हलाइनला मारणारी गोष्ट पातळ तेल नाही. ती पाणी आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस, आंबा आणि कुंडलिका या नद्यांचे पूर, खारेपाटातल्या रस्त्यांवर उधाणाला चढणारे खाडीचे पाणी या सगळ्यातून गाड्या चालतात. चालून तापलेले मागचे हाउसिंग पाण्यात बुडाले की एकदम गार होते. आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी ब्रीदरमधून आणि सीलच्या कडेने आत ओढले जाते. अर्धा कप पाणी गेले तरी तेल दुधट, करड्या-पांढऱ्या रंगाचे होते. या तेलात पडदा नीट तयार होत नाही, बेअरिंगच्या वाट्या गंजतात, आणि पाणी खारे असेल तर गंज काही आठवड्यांत खोल जातो. दुधट झालेले एकशे चाळीस हे स्वच्छ नव्वदपेक्षा कितीतरी वाईट.

ब्रीदर म्हणजे अॅक्सलच्या वर बसवलेली, अंगठ्याएवढी टोपी असलेली वाफेची वाट. चिखलाने ती बुजली की तापलेली हवा आत कोंडते आणि तेलाला सीलबाहेर ढकलते. मालकाला सील गेल्यासारखे वाटते, नवे सील घातले जाते, पंधरा दिवसांत तेही गळू लागते. दोष टोपीतल्या चिखलाचा असतो. मागच्या चाकाचे सील गळले तर तेल ब्रेकच्या लायनरवर जाते आणि उतारावर गाडी एका बाजूला ओढते. गळती कमी दिसावी म्हणून जाड तेल घालणे इथे सरळ जिवाशी खेळणे आहे, कारण संथपणे का होईना, तेल लायनरवर जातच राहते. शाफ्टवर सीलच्या कडेने खाच पडली असेल तर नवे सीलही टिकत नाही. शाफ्टवर स्लीव्ह चढवावी लागते किंवा सील किंचित पुढे-मागे बसवावे लागते.

तपासणीचा क्रम

तेलाचा नंबर बदलण्याआधी चार गोष्टी पाहिल्या तर बहुतेक शंका मिटतात. पहिली गोष्ट पातळीची. गाडी सपाट जागी उभी करून फिलर प्लग उघडावा. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेले असावे. दुसरी गोष्ट रंगाची. दुधट म्हणजे पाणी, जळका वास असलेले काळे म्हणजे उष्णतेने खराब झालेले तेल. तिसरी गोष्ट ड्रेन प्लगवरच्या चुंबकाची. त्यावर करडी, लोण्यासारखी मऊ लुकण असेल तर ती नेहमीची झीज समजावी. कपड्यावर पुसून पाहिल्यावर चमकणारे तुकडे किंवा खपल्या बोटाला टोचल्या तर दात किंवा बेअरिंग तुटत आहे आणि पेटी उघडावीच लागेल. चौथी गोष्ट आवाजाची जागा.

आवाज ओळखण्याची रीत जुन्या मिस्त्रींना चांगली ठाऊक असते. वेग देताना घोंगावणे आणि वेग सोडताच बदलणे हे क्राउन-पिनियनचे लक्षण. वेगाबरोबर वाढणारी, ॲक्सिलरेटरने न बदलणारी खरखर बेअरिंगची. क्लच सोडताना ‘ठक्’ असा एक धक्का बसतो तो बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. क्रॉस गिअर ऑइलवर चालत नाही, त्याला ग्रीस लागते. क्रॉसचा दोष डिफरन्शियलच्या माथी मारून तेल बदलले जाते, पण गाडी आधीसारखीच ठकठकत राहते.

पावसाळ्यातून आलेल्या गाडीचे तेल दिवाळीच्या सुमारास पाहून घेणे हा या भागासाठी सर्वांत किफायतशीर नियम आहे. पुराच्या पाण्यात हब बुडेल इतकी गाडी उभी राहिली असेल तर दिवाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात तेल काढावे, डिझेलने किंवा हलक्या तेलाने आतून धुवावे, निथळू द्यावे आणि मग नवे भरावे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चासीवर उंच नेऊन बांधली तर पुढच्या पावसाळ्यात पाणी ओढले जाण्याचा धोका बराच कमी होतो. हे काम एका दिवसात आणि थोड्या खर्चात होते.

काढलेले तेल

जुने गिअर ऑइल शटरिंगच्या फळ्यांना लावण्याची किंवा गॅरेजमागच्या खाजणात ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते. पेण-रोह्यात गॅरेजच्या मागे पुष्कळ ठिकाणी भातखाचर, खाडी किंवा मत्स्यतळे असते, आणि एक लिटर तेल पाण्यावर दूरपर्यंत पसरते. ते पिंपात साठवून परवाना असलेल्या पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याला देणे हा गॅरेजचा खर्च नाही, विक्री आहे.

निवड

एकंदर पाहता जाड तेलाची जागा अरुंद पण निश्चित आहे. जड भार ओढणाऱ्या मागच्या अॅक्सलमध्ये, उष्ण महिन्यांत, पुस्तिकेत मुभा असताना, जीएल-५ दर्जाचे ८५डब्ल्यू-१४० योग्य ठरते. झिजलेल्या पण अजून तुकडे न टाकणाऱ्या डिफरन्शियलला दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत ते आधार देते, मात्र तोवर दर काही हजार किलोमीटरला चुंबक तपासत राहावे लागते. सिंक्रोमेश गिअरबॉक्स, पुढच्या चाकांची एकत्र पेटी आणि तेलात बुडालेला क्लच असलेली स्कूटर-रिक्षा यांना ते घालू नये. पाणी गेलेल्या, गळणाऱ्या किंवा कोरड्या पडलेल्या पेटीत आधी त्या दोषाचा उपाय करावा आणि सांगितलेल्या नंबरचेच ताजे तेल भरावे. त्यानंतरही आवाज राहिला तर पेटी उघडून बेअरिंग आणि खेळ तपासावा. ते काम वेळेवर केले तर क्राउन-पिनियनची नवी जोडी घेण्याची वेळ बहुतेकदा टळते.